आत माणूस आहे

शेडमध्ये एक इंजिन होतं. चाकं सहा. चिमणी एक. शिट्टीचा नुसता दांडा, शिट्टी कुणीतरी नेलेली. बॉयलरमध्ये नळ्या चौऱ्याऐंशी; त्यातल्या एकोणीस नळ्यांची तोंडं लोखंडी मेखा ठोकून बंद केलेली, एकीची मेख निघालेली. ड्रायव्हर उभा राहतो त्या जागेत दाब दाखवणारं गेज एक, पाण्याच्या काचा दोन, दोन्ही फुटलेल्या. कोळशाचं फावडं एक, दांड्याशिवाय. कबुतराची अंडी दोन. आणि वाफ सोडायच्या दांड्यावर अडकवलेली एक टोपी.

"टोपी लिहिली का?" बनकर मिस्त्रींनी खालून विचारलं.

"लिहिते. पिशवीत घालून नंबर लावते."

"चाकं सहाच भरली ना? नीट मोजा. एखादं रात्री पळून गेलं तर मला विचारतील."

मी टोपीकडे हात नेला. ती कधीकाळी पांढरी होती. आता तिचा रंग गुळासारखा झाला होता आणि दांड्यावर टेकलेली कड तेलाने कडक झाली होती.

"हात लावू नका."

शेडच्या दारात एक म्हातारा उभा होता. उंच, वाकलेला, कपड्यांवर पीठ. त्याच्या दोन्ही हातांची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत होती. एकही केस नाही, काचेसारखी.

"का?" मी विचारलं.

"आत माणूस आहे," तो म्हणाला.

मी खाली वाकले. भट्टीचं दार उघडंच होतं. बॅटरी आत फिरवली. जुनी राख, एक लोखंडी पट्टी, सडून काळं पडलेलं गोणपाट.

"आत कुणी नाही, काका."

"तुमाला दिसत नसंल," म्हातारा म्हणाला आणि शेडच्या कडेला दगडावर जाऊन बसला.

तेव्हा मला एम.एस्सी. होऊन एक वर्ष झालं होतं. धातूची जाडी ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी करत होते आणि कंपनीने मला रुईवळणला पाठवलं होतं. गोदावरीच्या कालव्याकाठचा तो जुना साखर कारखाना. एके काळी त्याची स्वतःची छोटी रेल्वे होती. मळ्यांतून ऊस ओढून थेट गव्हाणीपर्यंत, कारखान्यात ऊस टाकायच्या तोंडापर्यंत, आणायची. मग ट्रक आले, रूळ उपटले गेले, राहिलं एक इंजिन. यंदाच्या बॉयलर अग्निप्रदीपनाला, दसऱ्याच्या सुमारास, हे इंजिनही पेटवून दोनशे मीटर चालवायचं असं संचालकांनी ठरवलं होतं. रेल्वेतून निवृत्त झालेले बनकर मिस्त्री दुरुस्ती करत होते. बॉयलरचं पोलाद अजून दाब सोसेल का, ते सांगायचं काम माझं.

म्हाताऱ्याचं नाव शमुवेल पगारे. या इंजिनाचा शेवटचा ड्रायव्हर. आता गावात पिठाची गिरणी चालवायचा.

टोपीचा अर्थ मला मिस्त्रींनी जेवणाच्या सुट्टीत सांगितला.

"भट्टीत माणूस उतरला की बाहेरच्याला तो दिसत नाही. कुणी येऊन दांडा ओढला, गाडी हलली, कुणी वरून कोळसा टाकला, तर आतला संपला. म्हणून उतरणारा आपली टोपी दांड्यावर टांगतो. टोपी आहे तोवर दांडा, गेज, काचा, कशालाही हात लावायचा नाही. आणि टोपी ज्याची त्यानेच काढायची. रेल्वेत आमच्याकडे पाटी असायची. इथे टोपी."

"मग या टोपीचा मालक?"

मिस्त्रींनी भाकरीचा तुकडा मोडला. "तो बाहेर आला. पण त्याला काढलं. तो स्वतः नाही आला."

सावळेराम कुऱ्हे हा कारखान्याचा बॉयलर दुरुस्त करणारा. चौतीस वर्षांपूर्वी, ऐन हंगामात एक नळी गळायला लागली. इंजिनातला विस्तव सकाळी खाली पाडला होता. बॉयलर पुरता निवायला दिवस लागतो. पण गव्हाणीवर ऊस नव्हता आणि मॅनेजर घाई करत होते. सावळेराम ओलं गोणपाट अंगावर घेऊन भट्टीत उतरला. उतरण्याआधी त्याने ड्रायव्हरला विचारलं, "किती?" ड्रायव्हर म्हणाला, "शून्य. जा." सावळेरामने गळक्या नळीतली जुनी मेख बदलायला हातोडा घातला आणि मेख सुटून उकळतं पाणी वाफ होत त्याच्या अंगावर आलं. शमुवेलने त्याला पाय धरून ओढून काढलं. हात भाजले ते तेव्हाच.

"चौकशी झाली," मिस्त्री म्हणाले. "चौकशीच्या साहेबांनी गेजची काच पुसून बघितली. काटा शून्यावर. थंड इंजिनात काटा शून्यावरच असणार की! पण मेख उडाली म्हणजे दाब होता. दाब होता म्हणजे काटा वर होता. काटा वर होता म्हणजे ड्रायव्हरने बघितलाच नाही. एवढी सरळ चौकशी. याची नोकरी गेली."

"तो काय म्हणतो?"

"बघितला म्हणतो. शून्य होता म्हणतो. चौतीस वर्षं तेच."

"आणि टोपी?"

"मेलेल्याची टोपी रक्ताच्या माणसाने काढायची. बायकोला बोलावलं होतं. ती म्हणाली, शमुवेलने खरं सांगावं, मग काढीन. ती गेली. आता मुलगी तेच म्हणते. पुढच्या हंगामात रेल्वेच बंद झाली, म्हणून कुणाचं अडलं नाही. आता अडलंय."

शमुवेलकाका रोज यायचे. गिरणी दुपारी बंद करून दगडावर बसायचे. परत निघताना भट्टीच्या दारापाशी जायचे आणि आत तोंड घालून तीनदा हाक मारायचे.

"सावळ्या! हायेस का? सावळ्या!"

मग थांबायचे. दार लावण्याआधी तीन हाका आणि उत्तराची वाट, हाही तिथला जुना नियम. उत्तर आलं नाही की ते मान हलवून निघून जायचे. दार मात्र लावायचे नाहीत.

संध्याकाळी शेड थंड व्हायला लागली की भट्टीतून आवाज यायचा. ठक. थोडा वेळ काही नाही. मग ठक, ठक. पातळ नळ्या लवकर आक्रसतात आणि जाड पत्रा उशिरा. त्या ओढाताणीचा तो आवाज. पहिल्या दिवशी मी तापमापक लावून खात्री केली. तापमान उतरायला लागलं की आवाज सुरू.

"ठोकतोय," काका म्हणाले.

"पत्रा थंड होतोय, काका."

"व्हय," ते म्हणाले. "त्याला थंड झाल्यावरच उतरायचं व्हतं."

भट्टीच्या आतून जाडी मोजायला मला आत उतरावंच लागणार होतं. काकांनी माझी ओढणी काढून घेतली आणि टोपीशेजारी टांगली. दार एवढं अरुंद की खांदे तिरके करून जावं लागतं. आत गुडघ्यांवर बसून मी पत्र्यावर ध्वनिलहरींसाठीचं जेल लावत, आकडे वाचत होते. समोर नळ्यांची भिंत. खालून तिसऱ्या ओळीत मेख नसलेलं तोंड होतं. त्या भोकाच्या रेषेत मी बसले होते हे लक्षात आल्यावर मी बाजूला सरकले. कोरडं, चौतीस वर्षं रिकामं भोक, तरी सरकले.

"आत कोण हाय?" बाहेरून काकांचा आवाज आला.

"मी! मी आहे, काका."



"आन् अजून कोण?"

मी यंत्र पत्र्यावर पुन्हा टेकवलं आणि तोच आकडा दुसऱ्यांदा वाचला. 

बाहेर आले तेव्हा त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला. माझी अवस्था पाहून बहुतेक त्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं. ते गाडीबद्दल बोलू लागले. गरीब गाडी होती, म्हणाले. चढावर कधी रुसली नाही.

"निस्ती त्या शेवटच्या साली तापट झाली. आधी एकशेसाठ पौंड चढल्याबिगर वरची झडप हूं की चूं करायची न्हाई. त्या हंगामात एकशेतीसलाच उडवायला लागली. मी फिटरला म्हनलो, स्प्रिंग ढिली पडली बघ. तो म्हनला, हंगाम सरू दे."

मी तांब्या खाली ठेवला.

जादा दाब झाला की वाफ सोडणारी ती झडप बॉयलरच्या पाठीवर होती, टोपीच्या हद्दीबाहेर. मिस्त्रींनी ती उतरवून आदल्याच आठवड्यात तपासली होती. मी त्यांना गाठलं.

"मिस्त्री, झडप किती दाबाला उघडली?"

"एकशेसाठ. एक पौंड इकडे नाही की तिकडे नाही. सीलसुद्धा जुनं, न तुटलेलं."

"मग त्या हंगामात ती एकशेतीसला उघडत नव्हती. एकशेसाठलाच उघडत होती. गेज एकशेतीस दाखवत होतं, तीस पौंड कमी."

 मिस्त्रींनी पाना बाजूला ठेवला आणि हात पुसले. बराच वेळ पुसले.

"हादऱ्यांनी काटा आसावर सरकतो," शेवटी ते म्हणाले. "म्हणून तर दर साली गेज तपासायचं असतं."

"काकांना सांगूया?"

"काय सांगणार? म्हातारा चौतीस वर्षांपूर्वीचा आकडा सांगतोय. त्याला आकडा नीट आठवत नसला तर? आधी मोजा, मग बोला. आशा लावून मग गेज बरोबर निघालं, तर तो त्याच दिवशी मरेल."

मला ते पटलं. पण गेज ड्रायव्हरच्या जागेत होतं, आणि दांड्यावर टोपी होती.

"मी काढू का गेज? कुणाला कळणार नाही."

"मॅडम," मिस्त्री म्हणाले, "चाळीस वर्षं मी भट्ट्यांमध्ये उतरलो. बाहेरच्या माणसाने पाटी काढली नाही म्हणून जिवंत आहे. तुम्ही नका काढू."

मी सावळेरामच्या मुलीला, विमलताईंना, निरोप पाठवला. तिसऱ्या दिवशी सकाळी विमलताई स्कूटीवरून आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. त्यांची उसाच्या रोपांची रोपवाटिका होती. नखांत माती तशीच होती.

"तुम्हीच का त्या मोजणाऱ्या?"

"हो."

"मला तुमच्या इंजिनाशी घेणं न्हाई. चेअरमनचा मानूस चार येळा येऊन गेला. साडी देतो म्हनला." त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "एक सांगा. कितीक दाब असला म्हंजी मानूस मरतो?"

"पंधरा पौंडसुद्धा पुरे. पाणी एकशेवीस अंशांवर गेलेलं असतं. बाहेर आलं की त्याची वाफ होते."

"पंधरा म्हंजी काट्यावर दिसतो का?"

"दिसायला पाहिजे."

"तेच तर." त्यांनी दगडाकडे पाहिलं. शमुवेलकाका उठून उभे राहिले होते. आज गिरणी बंद ठेवून सकाळीच आले होते. "मी एकच इचारनार हाये, शमुवेलकाका. माझ्या आईनं इचारलं तेच. माझ्या नानाला आत पाठवलं तवा काटा बघितला व्हता का?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी किंचित मान हलवली: थांबा.

काका इंजिनाकडे बघत होते. भट्टीच्या उघड्या दाराकडे. मग ते म्हणाले, "न्हाई."

"काय?"

"न्हाई बघितला, विमल."

"मग येवढी वर्षं?"

"खोटं बोलत व्हतो."

विमलताईंच्या हातात स्कूटीची किल्ली होती. ती त्यांनी मुठीत इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. मला वाटलं त्या ओरडतील, निदान म्हाताऱ्याच्या अंगावर जातील. त्या म्हणाल्या, "आई जिती असताना सांगायचं व्हतं," आणि इंजिनावर चढल्या.

काय करायचं ते त्यांना माहीत होतं. लहानपणी ऐकलेलं असणार. भट्टीच्या दाराशी वाकून त्यांनी हाक मारली.

"नाना!"

आणि थांबल्या.

"नाना, हायेत का?"

शेडमध्ये आवाज नव्हता. पत्रा नाही, नळ्या नाहीत, कबुतरंसुद्धा नाहीत. सकाळच्या त्या वेळी पत्रा एकसारखा तापलेला असतो, म्हणून आवाज येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

"नाना!"

त्यांनी थोडी वाट पाहिली. मग टोपी दांड्यावरून सोडवली. कडक झालेली कड मोडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून खाली उतरल्या, आणि शेडच्या मागे गेल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत.

मी काकांजवळ गेले.

"काका, खरं काय?"

"खरं?" त्यांनी आपले गुळगुळीत हात गुडघ्यांवर ठेवले. "आता मलाच म्हाईत न्हाई, पोरी. रोज डोळ्यांफुडं काटा येतो. शून्यावर असतो. पन तो तवा बघितलेला, का इतकी वर्सं बघून बघून तयार झालेला, कळत न्हाई. सगळी म्हनत्यात वर व्हता. म्हंजी मी बघितला नसंल. आन् बघितला काय, न बघितला काय. मी शून्य म्हनलो आन् तो गेला. त्याला आतून काढायचं व्हतं. बास."

मिस्त्री तोवर वर चढले होते. वर्षानुवर्षं गंजलेल्या नटावर ते रॉकेल सोडत होते. गेज सुटायला वेळ लागला. त्यांनी ते बाळासारखं दोन्ही हातांत धरून मला दिलं.

गेज तपासायचं यंत्र मी बाकावर मांडलं. ते साधं असतं. तेलाने भरलेला छोटा पंप. एका तोंडाला गेज लावायचं, दुसऱ्या तोंडाला उभा पिस्टन. पिस्टनवर चकत्या ठेवायच्या. प्रत्येक चकतीवर तिचे पौंड कोरलेले असतात. पंप फिरवून पिस्टन तरंगायला लागला की तेलात नेमका तेवढा दाब. चकत्या खोटं बोलत नाहीत, कारण त्या फक्त वजन असतात.

विमलताई परत आल्या. डोळे धुतले होते. टोपी रुमालात गुंडाळून काखेत धरली होती. मिस्त्री म्हणाले, "ताई, चहा सांगितलाय. घेऊनच जा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि या मॅडमना एक मदत करा. त्यांचे दोन्ही हात पंपावर असतात. काट्याचा आकडा कुणीतरी वाचायला पाहिजे. माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशातच होता. मला दिसत होता.

"मला काय कळतं त्यातलं?"

"काही कळायचं नाही. काटा कुठल्या आकड्यावर आहे, तेवढं मोठ्याने म्हणायचं."

विमलताई बाकासमोर बसल्या. मी गेजची काच ओल्या फडक्याने पुसली. पांढरी तबकडी, काळे आकडे, शून्याशी काटा टेकायची बारीक पितळी खुंटी. काटा खुंटीला टेकलेला होता. शमुवेलकाका दगडावर बसले होते, आमच्याकडे पाठ करून.

मी पहिली चकती ठेवली. पंप फिरवला. पिस्टन तरंगला. नियमाप्रमाणे मी त्याला बोटाने हळूच गिरकी दिली.

"पाच," मी म्हणाले. "काटा?"

"शून्य."

दुसरी चकती.

"दहा."

"शून्य," विमलताई म्हणाल्या. "बिघडलंय का हो हे?"

"नुसतं वाचा. पंधरा."

त्या पुढे वाकल्या. "शून्य."

मी गेजवर बोटाने टकटक केलं. अडकलेला काटा असा सुटतो. काटा सुटला नाही. अडकलेलाच नव्हता.

"वीस."

 विमलताईंनी रुमालातली टोपी काखेतून काढून मांडीवर घेतली होती. दगडावर शमुवेलकाका वळून बसले होते.

"वीस," मी पुन्हा म्हणाले. "काटा, ताई?"

"शून्य."

"पंचवीस."

"शून्य," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मिस्त्री एक पाऊल पुढे आले.

मी सहावी चकती ठेवली आणि पंप फिरवला. काटा खुंटीवरून सुटला, तेव्हा पिस्टनवर तीस पौंड होते.